हॅम्बर्गहून कोपनहेगन, तीन रात्री, 200 युरो: जमेल का?

हिशेबी_हरभरा
नमस्कार मंडळी. मार्चअखेरच्या सेमिस्टर सुट्टीत आम्ही दोघं मित्र हॅम्बर्गहून कोपनहेगनला जायचं म्हणतोय. शनिवार 28 मार्चच्या रात्री बसने निघायचं, रविवारी पहाटे पोचायचं आणि बुधवारी 1 एप्रिलला परत. बजेट माणशी 200 युरो, बसभाड्यासकट. दोघांकडे जर्मन रेसिडेन्स परमिट आहे. एक जण शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही.

व्हिसा लागेल का? बस बरी की ट्रेन? झोपायचं कुठे? आणि मुख्य प्रश्न शीर्षकात आहेच. "आयुष्यात एकदाच जाताय, पैशांकडे बघू नका" असे सल्ले कृपया नकोत. पैशांकडेच बघायचंय.

टोळभैरव
200 युरोत नक्की होईल. न्यूहाउन बंदरावर एक कॉफी प्यायची, रंगीत घरांसमोर फोटो काढायचा आणि त्याच बसने परतायचं.

सीमोल्लंघन
आधी कागदपत्रं, कारण इथं घोळ झाला तर बाकीचा हिशेब वाया.

वेगळा व्हिसा लागत नाही. जर्मन रेसिडेन्स परमिटवर शेंगेन देशांत 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं. पण कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही मूळ प्रतीत, अंगावर. फोनमधला फोटो चालत नाही. डेन्मार्कने जर्मन सीमेवर 2016 च्या जानेवारीपासून "तात्पुरती" तपासणी सुरू केली, ती अजून चालूच आहे. परतताना जर्मन पोलीसही बसमध्ये चढू शकतात.

कार्डाची मुदत संपत आली असेल आणि हातात फक्त नूतनीकरणाचा तात्पुरता कागद असेल, तर आउसलेंडरबेहोर्डेला (परदेशी नागरिकांच्या जर्मन कार्यालयाला) लेखी विचारल्याशिवाय सीमा ओलांडू नका. त्या कागदाचे प्रकार आहेत आणि सगळ्यांवर प्रवास चालत नाही.

आता एक गोष्ट, जी बहुतेकांच्या गावीही नसते. जर्मन सरकारी विम्याच्या कार्डाच्या पाठीमागे युरोपीय आरोग्य कार्ड छापलेलं असतं. ते फ्रान्स, इटलीत चालतं. पण युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना ते डेन्मार्कमध्ये उपचारासाठी वापरता येत नाही. नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड, लिख्टेनश्टाइनलाही तेच. भारतीय पासपोर्ट म्हणजे आपण त्यातच आलो. म्हणून वर्षभराचा परदेश-प्रवास आरोग्य विमा घ्या. विद्यार्थ्यांच्या वयाला तो वर्षाला दहा-वीस युरोंत मिळतो आणि वर्षभरातल्या पुढच्या सहलींनाही लागू होतो.

माजघर
विम्याचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

पावशेर
बस की ट्रेन?

बस: लवकर काढली तर जाऊन-येऊन 40-50 युरो. मार्ग दोन. एक युटलंड द्वीपकल्पातून, ग्रेट बेल्ट सामुद्रधुनीच्या पुलावरून. दुसरा पुटगार्डन ते रोडबी फेरीने, ज्यात समुद्रावरचा भाग पाऊण तासाचा. फेरीचा मार्ग असेल तर बोटीवर सगळ्यांना बसमधून उतरून वर जावं लागतं, रात्री दोन वाजले असले तरी. गाड्यांच्या डेकवर थांबू देत नाहीत. तेव्हा जॅकेट, पासपोर्ट आणि पाण्याची बाटली पायाशी ठेवा, बसच्या पोटातल्या सामानात नको. उतरताना डेकचा नंबर आणि जिन्याच्या दाराचा रंग बघून ठेवा. एकसारख्या बसगाड्या ओळीने उभ्या असतात आणि झोपेत आपली कुठली ते कळत नाही. बोटीवरचं खाणं महाग, त्याकडे बघू नका.

ट्रेन: थेट गाडी पाच तासांच्या आत-बाहेर. जुनी रेल्वे-फेरी 2019 च्या डिसेंबरात बंद झाली, आता सगळ्या गाड्या फ्लेन्सबुर्गवरून जातात. सवलतीचं तिकीट आधी काढलं तर एका बाजूचे तीस-चाळीस युरो. उन्हाळ्यात सीट आरक्षित करूनच चढा.

तिसरा मार्ग जुगाड्यांचा. डॉइचलँड-तिकिटावर, म्हणजे लोकल-प्रादेशिक गाड्यांच्या मासिक पासावर, फ्लेन्सबुर्गपर्यंत फुकट, तिथून सीमेपलीकडचं पाडबोर्ग हा छोटा टप्पा वेगळा, आणि पाडबोर्गहून डॅनिश रेल्वेचं "ऑरेंज" सवलत तिकीट. स्वस्त पडू शकतं. पण ऑरेंज तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं आणि तुमची तिकिटं वेगवेगळी. म्हणजे जर्मन गाडीला उशीर झाला तर पुढचं तिकीट गेलं, भरपाई कुणी देत नाही. जर्मन गाड्यांचं वेळापत्रक किती पाळलं जातं ते तुम्ही रोज बघताच.

माझं मत: बस.

तिथीवार
तारखा बदला. दोन कारणं.

28-29 मार्चच्या रात्री घड्याळ तासभर पुढे जातं. दोनचे थेट तीन वाजतात. रात्रीच्या बसमध्ये आधीच तुटक झोप, त्यातला एक तास कापला जाणार.

दुसरं कारण खिशाचं. यंदा ईस्टर 5 एप्रिलला आहे. त्याआधीचा आठवडा म्हणजे डॅनिश शाळांची सुट्टी. तुम्ही निवडलेले दिवस नेमके त्यात पडतात आणि हॉस्टेलं कुटुंबांनी भरलेली. शिवाय 2 एप्रिलचा गुरुवार, गुड फ्रायडे, ईस्टर रविवार आणि सोमवार या दिवशी मोठी दुकानं कायद्याने बंद. बस चुकून एक दिवस जास्त राहावं लागलं तर स्वस्त सुपरमार्केटही नाही.

एक आठवडा अलीकडे या: शनिवार 21 ची रात्र, रविवार 22 ला पोचा. दिवस-रात्र सारखी असण्याचा काळ, सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास. तोटा एवढाच की टिवोली या करमणूक-बागेचा हंगाम मार्चअखेर-एप्रिलच्या सुमारास सुरू होतो. पण तिथं नुसतं आत जायलाच दीडशे क्रोनरच्या वर लागतात, पाळणे वेगळे. तुमच्या बजेटात ते तसंही नव्हतं.

हिशेबी_हरभरा
तिथीवार, सोनाराने कान टोचले ते बरं झालं. 22 पक्कं. आता राहण्याचं सांगा.

खाटलं
कोपनहेगनमध्ये बजेट खाण्यावर मोडत नाही, खाटेवर मोडतं. दात कोरून जे वाचवाल ते एका चुकीच्या शनिवारी जाईल.

डॉर्ममधली खाट मार्चात रविवार ते गुरुवार साधारण 150 ते 250 क्रोनर. शुक्रवार-शनिवारी तीच खाट दीडपट ते दुप्पट. मोठ्या परिषदेच्या आठवड्यात आठवड्याचा कुठलाही वार सारखाच महाग. तुम्ही रविवार निवडलाय ते उत्तम.

बुकिंगवर दिसतो तो आकडा अंतिम नसतो. चादर-उशीचे वेगळे पन्नास-साठ क्रोनर, टॉवेलचे वेगळे, काही ठिकाणी कुलूपाचेही. "आम्ही स्लीपिंग बॅग आणतो" हे बहुतेक ठिकाणी चालत नाही, ढेकणांमुळे. स्वतःच्या चादरी चालतील का ते मेल करून विचारा. कुलूप आणि टॉवेल घरून न्या.

स्वयंपाकघर आहे का, हे खाटेच्या भावाआधी बघा. मध्यवर्ती भागातली काही चकचकीत हॉस्टेलं बार चालवतात, चूल देत नाहीत. तिथं चाळीस क्रोनर वाचवून जेवणावर दीडशे घालवाल.

दोघं आहात, तर आणखी एक बघा. लांगेब्रो पुलाजवळचं डॅनहॉस्टेल आणि कॅबइन साखळीतल्या बोटीच्या केबिनएवढ्या खोल्या. हिवाळ्याच्या आठवडी दिवसांत दोघांची खोली कधी कधी दोन डॉर्म-खाटांच्या जवळपास येते. तुलना केल्याशिवाय बुक करू नका.

पलीकडचा_किनारा
कोपनहेगनला राहतंच कोण? माल्मोला राहा. पुलावरून ट्रेनने 35-40 मिनिटं, स्वीडिश क्रोना डॅनिशपेक्षा स्वस्त, खाटाही स्वस्त.

खाटलं
@पलीकडचा_किनारा, हा सल्ला कायम मिळतो आणि एकट्या विद्यार्थ्याच्या हिशेबात तो कायम बुडतो. ओरेसुंड पुलावरून एका बाजूचं तिकीट शंभर क्रोनरच्या वर. रोज जाऊन-येऊन दोनशेच्या पुढे. खाटेवर वाचणार पन्नास. शिवाय स्वीडनच्या बाजूला ह्यिली स्टेशनवर तपासणी होऊ शकते. आवळा देऊन कोहळा काढायचा असतो, इथं उलटं होतंय.

पलीकडचा_किनारा
चार जणांची खोली असेल तर चित्र बदलतं. आणि माल्मो बघणं होतं ते वेगळंच.

खाटलं
चार जण असतील तर मान्य. हे दोघं आहेत.

रुपया_ते_क्रोनर
आकडे मांडतो. डॅनिश क्रोनर युरोला बांधलेला आहे, 1 युरो म्हणजे साधारण 7.46 क्रोनर. हा दर हलत नाही, त्यामुळे मनातल्या मनात साडेसातने भागा.

बस येऊन-जाऊन: 45 युरो.
तीन रात्री 200 प्रमाणे 600, चादरीचे 60, मिळून 660 क्रोनर: 88 युरो.
खाणं, दिवसाला 80 क्रोनर, साडेतीन दिवस, 280 क्रोनर: 38 युरो.
24 तासांचा एक सिटी पास, शंभरच्या आसपास: 13 युरो.
एखादं प्रवेश तिकीट, 60 क्रोनर: 8 युरो.

एकूण 192. उरले आठ युरो. कॉफी 40-50 क्रोनरला, म्हणजे टोळभैरव म्हणतात ती एक कॉफी खरंच होते.

रोख पैसे काढू नका. जवळपास सगळीकडे कार्ड चालतं. एटीएमचं शुल्क आणि उरलेली नाणी, दोन्ही फुकटचा तोटा. कुणी मित्राने जुन्या डॅनिश नोटा दिल्या तर घेऊ नका: 1000 ची नोट आणि जुन्या मालिकेतल्या नोटा 31 मे 2025 नंतर चालत नाहीत. मशीनने "युरोत पैसे कापू का?" विचारलं तर नाही म्हणा, क्रोनर निवडा. युरो निवडलं की दर दुकानाच्या बँकेचा लागतो, तुमच्या बँकेचा नाही. आणि आठवडी बाजारातले छोटे विक्रेते मोबाइलपे (फोनवरून पैसे द्यायचं अ‍ॅप) मागतात. ते डॅनिश बँक खात्याशिवाय चालत नाही, तेव्हा तिथल्या जुन्या कपबशांच्या मोहात पडू नका.

पावशेर
वरच्या हिशेबात एक बदल सुचवतो. परतीची बस बुधवारी दिवसा कशाला? मंगळवारी रात्रीची घ्या. रविवार, सोमवार, मंगळवार तिन्ही दिवस पूर्ण मिळतात, रात्री फक्त दोन. 27 युरो वाचले, वर बुधवारचं खाणंही वाचलं.

माजघर
दोन रात्री बसमध्ये, दोन रात्री डॉर्ममध्ये. पोरांची पाठ परत येईल का?

टोळभैरव
पंचविशीत पाठ नसते. तिशीनंतर उगवते.

वरणभात
खाण्याकडे वळू, शुद्ध शाकाहारी मित्रासाठी खास.

नेटो, रेमा 1000 आणि लिडल या तीन दुकानांबाहेर खरेदी करू नका. कोपऱ्याकोपऱ्यावरचं सेव्हन-इलेव्हन फक्त संकटकाळी. रुग्ब्रोड, म्हणजे राईचा काळा दाट पाव, 15-25 क्रोनरला मिळतो आणि दोघांना दीड दिवस पुरतो. सोबत हुमुस, डब्यातले राजमा-चणे, केळी, काकडी. मुदत संपत आलेल्या मालावर पिवळे स्टिकर लावून भाव पाडतात, संध्याकाळी बघा. टू गुड टू गो हे उरलेल्या अन्नाचं अ‍ॅप कोपनहेगनमध्येच जन्मलं. पण पिशवीत काय येईल ते आपल्या हातात नसतं, त्यामुळे अंडं न खाणाऱ्याने बेकरीच्या पिशव्या टाळाव्यात. डॅनिश पेस्ट्रीवर अंड्याचा हात फिरवलेला असतो, कस्टर्डमध्येही अंडं.

"शाकाहारी" लिहिलंय म्हणून अंडं नाही असं समजू नका. "व्हीगन" लिहिलेलंच घ्या. नोरेब्रोगाडे या रस्त्यावर फलाफल-रोल 50-65 क्रोनरला मिळतो, पोट भरतं. फक्त पांढरा सॉस नको म्हणा, मेयोनीज असू शकतं. ताहिनी विचारा. बस टर्मिनलला लागून आयकिया आहे, तिथलं व्हेज हॉटडॉग शहरातल्या सगळ्यात स्वस्त गरम खाण्यांपैकी एक. पण त्यावरची पिवळी रेमुलाड चटणी अंड्याची. मोहरी आणि केचप घ्या.

मांस खाणाऱ्यासाठी: लिव्हरपोस्टाय नावाचा स्वस्त लेप डुकराच्या यकृताचा असतो. काहींना चालतो, काहींना नाही, म्हणून सांगितलं.

नळाचं पाणी उत्तम. बाटली विकत घेतलीच तर तिच्यावर अ, ब किंवा क गटाची अनामत असते: 1, 1.50 किंवा 3 क्रोनर. रिकामी बाटली सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकली की परत मिळते. जर्मन फांडची, म्हणजे तिथल्या अनामतीची, बाटली मात्र ते मशीन थुंकून टाकतं. ती हॅम्बर्गलाच परत करून निघा.

कोरडी_भाकरी
निघताना दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या. जर्मनीहून डेन्मार्कला जाताना डब्याला कस्टम नाही.

वरणभात
अनुमोदन. मेतकूटही न्या. तांदूळ तिथं घ्या, किलोभराची पिशवी स्वस्त पडते. फक्त हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात मोहरी-हिंगाची खमंग फोडणी देऊ नका. धुराची घंटा वाजली, अग्निशमन दलाची गाडी आली, तर खोट्या घंटेचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. ती शहरातली सगळ्यात महाग आमटी ठरेल.

टोळभैरव
"डेन्मार्कमध्ये मराठी मुलांनी पेटवले हॉस्टेल": मथळा तयार आहे.

पायडल
फिरण्याबद्दल. 24 तासांच्या पासऐवजी सायकल घ्या. डॉन्की रिपब्लिकच्या नारिंगी सायकली अ‍ॅपवर मिळतात. दिवसभराची घेतली तर मिनिटांच्या भाड्यापेक्षा परवडते. पण नियम हॅम्बर्गसारखे सैल नाहीत.

डावीकडे वळताना थेट चौकाच्या मध्ये जायचं नाही. सरळ पलीकडे जायचं, कोपऱ्यावर थांबायचं, सायकल वळवून समोरच्या हिरव्या दिव्याची वाट बघायची. थांबताना हात कोपरात वाकवून वर. नाहीतर मागचा आदळतो आणि वर शिव्या घालतो, त्यातही तोच बरोबर. कायम उजवीकडे. दोघांनी गप्पा मारत शेजारी शेजारी चालवू नका, ओव्हरटेकची बाजू मोकळी हवी. बस थांब्यावर प्रवासी थेट सायकलच्या पट्टीवर उतरत असतील तर थांबायचं. लाल दिवा तोडणं आणि हातात फोन धरणं, दोन्हीला हजार क्रोनर दंड. मार्चात साडेसहानंतर दिवे लागतात, भाड्याच्या सायकलचे दिवे सुरू आहेत ना ते घेतानाच बघा.

एस-टोगमध्ये, म्हणजे लोकल ट्रेनमध्ये, सायकल फुकट. मेट्रोत वेगळं तिकीट, गर्दीच्या वेळी बंदी.

चालता_बोलता
सायकल कशाला? मार्चात वारा असा असतो की उतारावरही पायडल मारावं लागतं. आणि शहर छोटं आहे. मुख्य स्टेशनपासून न्यूहाउन पावणेदोन किलोमीटर, तिथून जलपरीचा पुतळा आणखी दोन. पायी चला.

एक दिवस पास घ्याच, पण हार्बर बससाठी. 991 आणि 992 क्रमांकाच्या बोटी साध्या बसच्या तिकिटावर चालतात. ऑपेरा, न्यूहाउन, राजग्रंथालयाची "काळा हिरा" नावाची इमारत, सगळं पाण्यावरून दिसतं. पर्यटकांच्या कालवा-सफरीला याच्या कितीतरी पट पैसे. फरक एवढाच की बोट अरुंद कालव्यांत शिरत नाही आणि माहिती सांगणारा माणूस नसतो.

मेट्रोला दारं-अडसर नाहीत, म्हणून फुकट समजू नका. तिकीट फलाटावर उतरण्याआधी. तपासनीस अचानक येतात, आणि दंडात तुमच्या हॉस्टेलच्या रात्री जातील.

पायडल
वाऱ्याबद्दल बोलायचं तर डॅनिश माणसं पावसातही सायकलवरूनच जातात.

चालता_बोलता
त्यांच्याकडे घरी कपडे वाळवायची खोली आहे. यांच्याकडे डॉर्मच्या खाटेचा कठडा.

खिडकी
वार आणि बंद-चालू याकडे लक्ष द्या. सोमवारी बरंच काही बंद असतं. म्हणून रविवारी आत, सोमवारी बाहेर.

रविवार: क्रिस्टियान्सबोर राजवाड्याचा मनोरा. 106 मीटर उंच, आणि प्रवेश फुकट. सुरक्षा तपासणीची रांग असते, उघडताच जा. सोमवारी बंद. हा फुकट असल्याने दुसऱ्या मनोऱ्यावर पैसे देऊन चढायची गरज संपते. पण इमारतीतच रस असेल तर रुंडेटोर्न घ्या: 1642 चा वेधशाळेचा मनोरा, आत पायऱ्यांऐवजी 209 मीटरची गोल फिरत जाणारी चढण.

सोमवार: कास्टेलेट किल्ल्याचे तट, जलपरी (सव्वा मीटरची आहे, अपेक्षा बेतात ठेवा), असिस्टन्स दफनभूमी, जिथे लेखक अँडरसन, तत्त्वज्ञ किर्केगार्द आणि शास्त्रज्ञ नील्स बोर यांच्या कबरी आहेत. नाहीतर आमाग बाके: कचरा जाळून वीज करणारा कारखाना आणि त्याच्या छपरावर चढायची वाट, फुकट. काळा हिरा सोमवारी उघडा असतो. थंडीत बसायला, फोन चार्ज करायला, शौचालयाला, सगळ्याला उत्तम.

दख्खनी_कुतूहल
खिडकी, तुमच्या रविवारात एक भर. डेव्हिड्स सामलिंग हे संग्रहालय, रोसेनबोर राजवाड्याच्या बागेसमोर, क्रोनप्रिन्सेसेगाडे 30. प्रवेश कायम फुकट, सोमवारी बंद. इस्लामी कलेचा अप्रतिम संग्रह, त्यात मुघल आणि दख्खनी लघुचित्रंही आहेत. विजापूर-गोवळकोंड्याच्या चित्रशैलीची ओढ असणाऱ्याने दोन तास राखून ठेवावेत. चित्रं जपण्यासाठी खोल्यांत उजेड मंद ठेवतात, डोळे सरावायला वेळ द्या.

आणि बस जिथे उतरवते ते टर्मिनल ड्युबल्सब्रो स्टेशनजवळ आहे, 2024 ला सुरू झालेलं, कार्स्टन निबुर गाडे या रस्त्याला लागून. हा निबुर मुंबईला राहिलेला माणूस. डेन्मार्कच्या पाचव्या फ्रेडरिकने 1761 ला अरबस्तानात मोहीम पाठवली. तिच्यातला एकटा निबुर जिवंत परतला. मोहिमेचा डॉक्टर क्रामर 1764 ला मुंबईतच वारला. निबुरने घारापुरीच्या लेण्यांची मापं घेऊन आराखडा आणि मूर्तींची चित्रं काढली, ती पुढे त्याच्या प्रवासवर्णनात छापली गेली. पहाटे पेंगुळलेल्या डोळ्यांनी ती पाटी वाचा.

माजघर
घारापुरीला जाऊनही हे नाव कधी ऐकलं नव्हतं. त्याची चित्रं कुठे बघायला मिळतात?

दख्खनी_कुतूहल
जुन्या जर्मन आवृत्तीच्या स्कॅन प्रती जालावर आहेत. घारापुरीचा भाग दुसऱ्या खंडात. तुमचा हॅम्बर्गचा विद्यार्थी तर मूळ जर्मनमध्येच वाचू शकेल.

टोळभैरव
धागा हॅम्बर्गहून निघून घारापुरीला पोचला. आता लाँचचं भाडं सांगा.

सीमोल्लंघन
हसण्यावारी नेऊ नये असं एक. क्रिश्चानियाला जाल, जायलाच हवं, 1971 पासूनची वस्ती आहे. जिथे गांजा-चरस उघड विकला जायचा ती पुशर स्ट्रीट एप्रिल 2024 मध्ये रहिवाशांनीच फरशा उखडून बंद केली. तरी कुणी काही विकायला आलं तर लांब राहा. डेन्मार्कमध्ये ते बेकायदेशीर आहे. जर्मनीत थोडं बाळगायला परवानगी आहे म्हणून इकडचं खिशात घालून तिकडे नेणं म्हणजे सीमा ओलांडून नेणं, तो मोठा गुन्हा. सीमेवर तपासणी आहे हे वर लिहिलंच आहे. विद्यार्थी परमिटवर असताना हा डाग परवडणारा नाही.

हिशेबी_हरभरा
सगळ्यांचे आभार. नवा आराखडा: 21 च्या रात्री बस, रविवारी मनोरा आणि डेव्हिड्स सामलिंग, सोमवारी पायी आणि आमाग बाके, मंगळवारी लुइझियाना संग्रहालय, त्याच रात्री परतीची बस. दोन रात्री डॉर्म. हिशेब 165 च्या आसपास येतो, उरलेल्या पस्तिसात लुइझियाना बसवायचं. कोपनहेगन कार्ड (पर्यटकांचा एकत्रित पास) घ्यावं का?

रुपया_ते_क्रोनर
नको. ते दिवसाला तीन-चार महाग ठिकाणं करणाऱ्यांसाठी. तुमची निम्मी यादी फुकट आहे, कार्ड घेऊन तुम्ही फुकट गोष्टींचेच पैसे भराल.

लुइझियानासाठी विद्यार्थी ओळखपत्र न्या, सवलत आहे. पण ते हुमलेबेकला, शहरापासून ट्रेनने 35 मिनिटं. साधा सिटी पास 1 ते 4 झोनचा, तो तिथपर्यंत चालत नाही. वेगळं तिकीट काढा. प्रवेश आणि ट्रेन मिळून पस्तिसात बसतं का ते आधी बघा. तेव्हा मंगळवारी पास घेऊ नका, तो सोमवारच्या बोटीसाठी ठेवा.

खिडकी
लुइझियाना सोमवारी बंद, मंगळवार ते शुक्रवार रात्री दहापर्यंत उघडं. म्हणून मंगळवार बरोबर निवडलात. पण "दहापर्यंत आहे" म्हणून रेंगाळू नका. किनाऱ्याच्या मार्गावर रुळांची कामं निघतात, आणि मग ट्रेनऐवजी बस देतात, ती दुप्पट वेळ घेते. आदल्या रात्री रायसेप्लानन अ‍ॅपवर मार्ग तपासा. बस अकराची असेल तर हुमलेबेक आठला सोडा.

खाटलं
मंगळवारी सकाळी खोली सोडल्यावर बॅगा हॉस्टेलच्या सामान-खोलीत ठेवा. फुकट आहे की तासावर पैसे, ते बुक करतानाच बघा. मुख्य स्टेशनवर लॉकर आहेत, पण त्यांचे पैसे म्हणजे तुमचं एक जेवण.

हिशेबी_हरभरा
परतीच्या बसला किती आधी जावं? आणि सामान घ्यायला हॉस्टेलवर परत जायचं तर आठ उशीर नाही का?

पावशेर
आठला निघालात तर पावणेनऊपर्यंत मुख्य स्टेशन. तिथून हॉस्टेल, सामान, आणि ड्युबल्सब्रोला एस-टोगने एकच थांबा. दहाला टर्मिनलवर आरामात. तिथं बरेच फलाट आहेत, कुठली बस कुठल्यावर ते फलकावर लागतं आणि कधी कधी शेवटच्या क्षणी बदलतं. बर्लिनची आणि हॅम्बर्गची बस रंगाने सारखीच असते, चढण्याआधी काचेवरची पाटी वाचा. पासपोर्ट तिकिटासोबतच हातात ठेवा, ड्रायव्हर दारातच मागतो.

वरणभात
आणि आयकिया रात्री बंद होतं. परतीच्या प्रवासाचा डबा हॉस्टेलवरच सकाळी भरून घ्या: रुग्ब्रोड, हुमुस, केळी.